कोविडनंतर बाळाचे डोस : रांगेत हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. आमचं महिला मंडळ लालबाग-परळ भागात लसीकरणाच्या दिवशी रांग लावायला, नावं लिहून घ्यायला आणि रडणाऱ्या बाळाच्या मोठ्या भावंडाला धरून बसायला जातं. आत सिस्टर डोस देतात, बाहेरच्या बाकावर प्रश्न सुरू असतात. कोविडच्या आधी हे प्रश्न ठरलेले होते : ताप येईल का, आंघोळ घालू का, किती वाजेपर्यंत चालू आहे. आता पोरगी कडेवर घेऊन आलेली बाई आधी विचारते, "ही कुठल्या कंपनीची?" तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहून काढले. औषधपाण्याचा भाग डॉक्टरांना विचारून घेतलाय. मतं माझी आहेत.

कोविडमुळे लोकांचा सगळ्याच लसींवरचा विश्वास उडाला, हे खरं आहे का?

जगात बऱ्याच ठिकाणी कमी झाला, आपल्याकडे तसा नाही. युनिसेफच्या २०२३ च्या अहवालात ५५ देशांची पाहणी होती. मुलांना लस देणं महत्त्वाचं आहे असं मानणाऱ्यांचं प्रमाण त्यांतल्या ५२ देशांत घसरलं. टिकून राहिलं किंवा वाढलं ते फक्त भारत, चीन आणि मेक्सिकोत.

पण कुणी घरी येऊन विचारलं तर आपण "हो हो, लस महत्त्वाचीच" म्हणतो. बाळ त्या दिवशी रांगेत आलं का, हा वेगळा प्रश्न. ज्या बाळांना त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची एकत्र लस) पहिला डोससुद्धा मिळालेला नसतो त्यांना 'शून्य डोस' बालकं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार भारतात २०१९ साली अशी सुमारे १४ लाख बाळं होती. २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली, २०२१ मध्ये २७ लाख राहिली आणि २०२२ मध्ये ११ लाखांपर्यंत खाली आली. म्हणजे लसीबद्दलचं मत जागेवर होतं तेव्हाच लाखो बाळं डोसाविना राहिली.

मग एवढ्या बाळांचे डोस चुकले कशामुळे?

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. लोकल त्याआधीच थांबल्या होत्या. जन्मल्याबरोबर देतात त्या लसी प्रसूतिगृहात चालू राहिल्या, पण दीड महिन्याच्या, अडीच महिन्याच्या, नऊ महिन्यांच्या डोससाठी बाळाला घेऊन घराबाहेर पडावं लागतं. प्रतिबंधित क्षेत्रात लसीकरणाची सत्रं भरतच नव्हती. आणि दवाखान्यात गेलो तर आपणच कोविड घरी घेऊन येऊ, ही धास्ती सगळ्यांनाच होती. मलाही होती.

मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या. कुणी आझमगडला गेलं, कुणी एसटी मिळताच चिपळूणला. बाळ गावी गेलं आणि डोसचं कार्ड इथे खोलीत राहिलं. सहा-आठ महिन्यांनी परत आल्यावर कुणाला आठवतंय, पेंटाचा (त्रिगुणीसकट पाच आजारांवरची एकत्र लस) दुसरा झाला होता की तिसरा?

एक घर डोळ्यांसमोरून जात नाही. टीव्हीच्या वर आजोबांचं कोविड लसीचं प्रमाणपत्र, लॅमिनेट करून खिळ्याला टांगलेलं. बाळाचं कार्ड मागितल्यावर गादीखालून एक पिशवी निघाली. त्यात रेशनकार्ड, विजेची बिलं आणि तळाशी ते कार्ड होतं, पावसात भिजून शाई पसरलेलं. तारखेच्या जागी निळा डाग. त्या घराचा लसीला विरोध नव्हता. असता तर आजोबांचं प्रमाणपत्र भिंतीवर आलं नसतं.

कोविडची लस नसेल तर लोकलमध्ये चढू देत नव्हते. बाळाच्या डोसला असं काहीच नाही. म्हणजे तो तेवढा गरजेचा नाही का?

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं होतं. नंतर कळलं की प्रश्न अगदी रास्त आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळायला लागला. मुंबईकरासाठी याहून मोठं आमिष नाही आणि याहून मोठा धाकही नाही. कित्येकांनी लस आजारासाठी घेतलीच नाही, विरार फास्टसाठी घेतली. डोस म्हणजे कुठेतरी आत शिरायची परवानगी, हे डोक्यात बसलं ते असं.

बाळाच्या डोसनं कुठलंच फाटक उघडत नाही. आपल्याकडे या लसी सक्तीच्या नाहीत. कोविडच्या लसीबाबतही सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ रोजी सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात टाळणं एवढाच त्या डोसचा मोबदला. तो दिसत नाही, कारण टळलेला आजार कुणाला दिसतच नाही.

दोन डोस घेतले, बूस्टर घेतला, तरी आम्हाला कोविड झालाच. मग गोवरच्या लसीवर कसा भरवसा ठेवायचा?

माझ्या मते महासाथीनं मागे ठेवलेला हा सगळ्यात चिवट प्रश्न आहे. अफवा खोडून काढता येते, पण इथे बाई स्वतःचा अनुभव सांगत असते आणि तो खरा असतो.

तिचं गणित चुकतं ते एकाच जागी : ती सगळ्या लसींना एकच फूटपट्टी लावते. कोविडच्या लसीचा खरा उपयोग आजार जिवावर बेतू नये यासाठी होता. विषाणू घशात शिरणं ती फार काळ रोखू शकली नाही. एक तर तो विषाणू सारखा रूप बदलत राहिला. दुसरं म्हणजे त्याचं ओमिक्रॉन हे रूप शरीरात शिरल्यापासून दोन-तीन दिवसांत लक्षणं दाखवायचा. लसीनं शिकवलेलं शरीराला आठवेपर्यंत खोकला सुरू झालेला असायचा.

गोवरचं तसं नाही. विषाणू शिरल्यापासून अंगावर पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात. तेवढ्या वेळात शरीराची जुनी ओळख जागी होते आणि आजाराला आत पाय रोवू देत नाही. शिवाय लसीला चकवेल असं रूप गोवरनं घेतलेलं नाही, म्हणून कैक वर्षांपूर्वीचीच लस आजही चालते. नऊ महिन्यांच्या पहिल्या डोसनं साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण मिळतं, दुसरा डोस झाला की ते ९५ टक्क्यांच्या वर जातं. म्हणून दुसरा डोस 'जास्तीचा' समजू नका. पहिल्यातून जी बाळं सुटली त्यांच्यासाठी तो असतो.

रांगेत एवढं सांगायला चार मिनिटं लागतात. एकदा एका आजींनी मध्येच तोडलं, "म्हणजे कोविडची लस छत्रीसारखी, पाय भिजणारच. आणि ही पक्क्या छपरासारखी." तेव्हापासून मी त्यांचंच वाक्य वापरते.

२०२२ मध्ये मुंबईत गोवरची साथ आली ती डोस चुकल्यामुळेच का?

मोठ्या प्रमाणात, हो. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगरमध्ये लहान मुलं दगावल्यावर साथ उघडकीला आली. मग कुर्ला, धारावी, मालवणी, शहराबाहेर भिवंडी, मालेगाव. शेकडो मुलांना गोवर झाला आणि बरीच मुलं दगावली. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात मार्च २०२० मध्ये शहरातले पहिले कोविड रुग्ण ठेवले होते. तिथेच आता गोवरची पोरं.

गोवर इतका पसरतो की एका रुग्णापासून, कुणालाच संरक्षण नसेल तर, १२ ते १८ जणांना होऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहतात तिथे याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. त्याला आवर घालायचा तर शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. टाळेबंदीत डोस चुकलेली बाळं २०२२ पर्यंत दोन-तीन वर्षांची झाली होती आणि गल्लीत एकत्र खेळत होती.

तेव्हा साथीच्या भागांत ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्यात आला, आणि जिथे तान्ह्या बाळांत रुग्ण जास्त होते तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही. हा लवकरचा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत. तुमच्या बाळाला तो मिळाला असेल तर पुढचे दोन्ही द्यायचेच.

घरोघरी येणाऱ्या आरोग्य सेविकांना लोक दार का उघडत नव्हते?

त्याच बायका कोविडमध्येही आल्या होत्या, म्हणून. त्यांच्या हातात तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर असायचा. सप्टेंबर २०२० पासूनच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्यांनी पायपीट करून घरं पालथी घातली. पण ताई येऊन गेल्या की संध्याकाळी रुग्णवाहिका येते, घरातल्या माणसाला उचलून नेते आणि शेजारी महिनाभर तोंड फिरवतात, असा हिशोब वस्तीत पक्का झाला. डाव्या हातावर मारलेला क्वारंटाईनचा शिक्का लोक विसरलेले नाहीत.

पुढे त्याच ताई "बाळाचं कार्ड दाखवा" म्हणाल्या तर आतून "कुणी नाही घरात" असं उत्तर यायचं, तेही बाळाच्या रडण्याच्या आवाजासकट. पोलिओच्या वेळी याच दारांत त्यांना चहा मिळायचा. या बायकांना मिळणारा तुटपुंजा पैसा आणि त्यांच्याकडून अपेक्षित असलेलं काम यांचा मेळ कधीच बसलेला नाही, पण तो विषय काढला तर हे पान पुरणार नाही.

साथीत लोक आरोग्यवाल्यांना असे बिचकले, हे मुंबईत पहिल्यांदाच घडलं का?

छे. लसीचं आणि या शहराचं नातं फार जुनं. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली ती १४ जून १८०२ रोजी, इथेच, मुंबईत. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला.

पण कोविडशी जवळचा दाखला प्लेगचा. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला. सरकारनं घरात घुसून तपासण्या केल्या, माणसं ओढून रुग्णालयात नेली. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज आपण त्यालाच कस्तुरबा म्हणतो. वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे आजची परळची हाफकिन संस्था, आमच्या सत्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. लसीची बदनामी व्हायला एक दिवस पुरतो आणि नाव धुवून निघायला पाच वर्षं लागतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

कोविडच्या लसीमुळे तरुण मुलं हार्ट अटॅकनं जातात म्हणे. मग बाळाला कशाला टोचायचं?

आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीनं १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. लसीमुळे असा धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. आधी कोविडनं रुग्णालयात दाखल झालेलं असणं, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, बेसुमार दारू आणि जोरकस व्यायाम यांच्याशी मात्र संबंध दिसला.

आणि बाळाच्या लसी यातल्या नाहीतच. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी या आपण स्वतः लहानपणी घेतलेल्या लसी आहेत. डाव्या दंडावरचा तो बीसीजीचा (क्षयरोगाची लस) गोल डाग बघा.

पण कोविशिल्डच्या कंपनीनं कोर्टात कबूल केलं ना?

केलं. मूळ लस बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेकानं ब्रिटनमधल्या न्यायालयात सादर केलेल्या कागदांत मान्य केलं की क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा आजार होऊ शकतो. ही बातमी एप्रिल २०२४ मध्ये आली. पण युरोपच्या औषध नियामकांनी हा संबंध एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता. लपलेलं काही बाहेर आलं असं नव्हतं, पण लसीची जाहिरात झाली तेवढ्या मोठ्यानं हे कुणी सांगितलं नाही, ही तक्रार मला मान्य आहे. विचारणाऱ्याला 'अंधश्रद्धाळू' म्हणून झटकणाऱ्यांनी लसीचं जास्त नुकसान केलंय. हा दुष्परिणाम लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला असतो. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसची भीती आज बाळगायचं कारण नाही.

बाटलीत खरंच लस आहे हे कशावरून?

असा प्रश्न मुंबईकराला पडायला कारण आहे. मे २०२१ मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीत पैसे घेऊन बोगस लसीकरण झालं. पुढे अशी आणखी शिबिरं उघडकीला आली आणि फसलेल्यांचा आकडा दोन हजारांवर गेला. कांदिवलीत रहिवाशांना शंका आली त्याचं एक कारण म्हणजे कुणालाच साधा तापसुद्धा आला नव्हता! त्याच वर्षी ३१ जानेवारीला यवतमाळ जिल्ह्यात १२ लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजला गेला. मुलं बचावली.

तर बघायला मागा, तुमचा हक्क आहे. पोलिओच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो. वर्तुळाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की ती बाटली बाद. इंजेक्शनच्या लसींच्या बाटल्यांवरही ही खूण असते. आमच्याकडच्या सिस्टर तर न विचारताच बाटली आईच्या डोळ्यांसमोर धरतात.

सरकारी डोसनं ताप येतो, खासगीत 'पेनलेस' मिळतो. सासूबाई म्हणतात खासगीतच द्या.

ऐपत असेल तर द्या, पण सरकारी लस हलकी म्हणून नको. फरक डांग्या खोकल्याच्या भागात आहे. सरकारी लसीत त्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, 'पेनलेस'मध्ये त्याचे निवडक तुकडे. अख्ख्या जंतूनं ताप आणि मांडीला सूज जास्त येते, पण त्याचं संरक्षण जास्त टिकतं. ताप बहुधा एक-दोन दिवसांत जातो. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते सिस्टरना विचारून घ्या. टोचलेल्या जागी बटाट्याची चकती, हळद काही लावू नका. डोसनंतर अर्धा तास तिथेच थांबा. बाळ न थांबता तासन् तास रडलं, झटका आला किंवा निपचित पडलं तर लगेच दवाखाना.

गोवर आला की औषध द्यायचं नाही, देवीचा कोप होतो, असं घरातले म्हणतात.

उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवा, माझी काही हरकत नाही. ओटीही भरा. पण त्याच दिवशी डॉक्टरांनाही दाखवा. गोवरमध्ये जीव जातो तो बहुतेकदा न्यूमोनियानं किंवा जुलाबांनी. 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी देतात, त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचायला मदत होते.

डोस चुकले. आता पहिल्यापासून सुरू करावे लागतील का?

नाही. जिथे थांबले तिथून पुढे. सरकारी कार्यक्रमात बीसीजी आणि पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत द्यायचा असतो. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब ५ वर्षांपर्यंत देतात, त्रिगुणी ७ वर्षांपर्यंत. कार्ड हरवलं असेल तरी या, कुणी ओरडणार नाही. (ओरडलंच तर बाहेर येऊन मला सांगा.) गावी डोस झाला असेल तर तिथल्या ताईंना फोन लावून त्यांच्या वहीतून तारीख मिळते. नाहीच मिळाली तर झाला नाही असं धरून देतात. एखादा डोस जास्त झाल्यानं सहसा काही बिघडत नाही.

लस असूनही "पुढच्या वेळी या" म्हणून परत का पाठवतात?

गोवर-रुबेलाची लस पावडरीच्या रूपात असते. पाणी घालून ती एकदा बनवली की चार तासांत वापरायची, उरलेली फेकायची. एका बाटलीत अनेक बाळांचे डोस असतात. त्यामुळे दुपारी एकटंच बाळ आलं की बाटली फोडायला हात कचरतो. नियम मात्र स्पष्ट आहे : एकच बाळ असलं तरी बाटली फोडायची. तसं नम्रपणे सांगा. आणि जमलं तर सकाळी लवकर या, तेव्हा हा प्रश्नच येत नाही.

शिवडीची एक बाई घरकामाचा खाडा करून दोनदा एका केंद्रावरून अशीच परतली होती. तिसऱ्यांदा यायला तयार नव्हती, "नसेल द्यायची तर राहू दे" म्हणाली. कागदोपत्री तिची नोंद 'नकार' अशी झाली होती. आमच्या सिस्टरनी तिला रात्री आठला, तिची कामं आटोपल्यावर, फोन केला. शुक्रवारी ती साडेनऊला आली. तिचा मुलगा रांगेत सातवा होता आणि बाटली आधीच फोडलेली होती.